ज्या स्टुलावर मी चहा ठेवला

हे मी पेशंटसाठी लिहीत नाहीये. पेशंटला काय सांगायचं, त्याच्या अंगावरच पडलेलं असतं. मी लिहितेय ते पेशंटच्या घरच्यांसाठी. डॉक्टरने ज्यांना केबिनमध्ये बोलवून सांगितलंय की ह्यांना आता घरी ऑक्सिजनचं मशीन लागणार, आणि जे बाहेर येऊन पेशंटला सांगतात, "काही नाही गं, वीकनेस आहे." त्यांच्यासाठी. वाचा, आणि लाज वाटली तर वाटू द्या. मला वाईट वाटणार नाही.

मी सुनंदा. घाटकोपरला राहते. मिस्टर बसमध्ये कंडक्टर होते, आता रिटायर होऊन घरी असतात. एकच मुलगी, रश्मी. आणि एक धाकटी बहीण, बेबी, चेंबूरला दिलेली. आमची आई लवकर गेली. बेबीच्या वेण्या मी घातल्या, शाळेत मी सोडलं, तिच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू मी वळले. हे आधीच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

फुप्फुसाचं माझं दुखणं जुनं. लग्नानंतर टीबी झाला होता. गोळ्या एकही न चुकवता पूर्ण केल्या, बरी झाले. पण टीबी म्हणजे वाईट भाडेकरू, जाताना घराची नासधूस करून गेला. त्यात साकीनाक्याला पितळी वस्तूंना पॉलिश करायच्या एका युनिटमध्ये मी कितीतरी वर्षं पॅकिंगला होते. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं यायचं. पदर नाकाला बांधला की झालं, असं आम्हा बायकांना वाटायचं. कोण सांगणार आणि कोण ऐकणार.

मग हळूहळू दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग बाजारातून पिशवी आणताना, मग आंघोळ करताना. आंघोळीला दम लागतो हे कुणाला सांगायचीही लाज वाटते हो. पंप होता, औषधं होती, चाललं होतं.

कॉरिडॉरमधल्या फेऱ्या

त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये माझ्या मनगटातून रक्त काढलं. नेहमीसारखं दंडातून नाही, मनगटाच्या आतल्या नाडीतून. बाई गं, काय कळ गेली! मी त्या पोराला म्हटलं, "बाबा, रक्त काढतोयस की जीव?" तो हसला. मग बोटाला ते चिमट्यासारखं लावलं आणि मला कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा परत. काही फेऱ्या झाल्या आणि नर्स म्हणाली, "बसा, बसा, थांबा." माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मी बाकावर बसून श्वास गोळा करत राहिले आणि तेवढ्यात डॉक्टरबाईंनी नातेवाइकांना आत बोलावलं.

आत गेले आमचे मिस्टर आणि बेबी.

बराच वेळ लागला त्यांना. बाहेर आले तेव्हा ह्यांचा चेहरा मला दिसलाच नाही, कारण हे सरळ औषधाच्या खिडकीकडे गेले. बेबी माझ्याजवळ येऊन बसली. माझा पदर सारखा केला.

"काय म्हणाल्या गं?"

"काही नाही ताई. वीकनेस आहे. पंप बदललाय, तो नीट घे. आणि जास्त हिंडायचं नाही."

"एवढंच? मग इतका वेळ काय करत होता आत?"

"अगं, डॉक्टर ना, बोलतच राहतात."

मग बेबी म्हणाली, रिक्षाने जाऊ. आमची बेबी! जी दोन स्टॉप चालत जाईल पण रिक्षाला हात दाखवणार नाही. रस्त्यात उतरून तिने मला मोसंबीचा रस पाजला. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा. मनात म्हटलं, बहीण असावी तर अशी.

वाट लागायची होती ती तिथेच लागली, आणि मी मोसंबीचा रस पीत बसले होते.

पोह्यांची बशी

आता हे लोक असं का वागले, तेही सांगते. मी त्यांची वकील नाही, पण खोटं लिहिणार नाही.

रश्मीचं त्याच्या आदल्या वर्षी एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलगा चांगला, माणसं बरी. ते घरी आले आणि पोहे देताना मला खोकल्याची उबळ आली. अशी आली की बशी हातातून खाली. पाहुण्यांनी पाणी दिलं, सगळं नीट झालं, हसत हसत गेले. आठवड्याने मध्यस्थाचा निरोप: "मुलीच्या आईला टीबी होता म्हणे?" मी म्हटलं, होता, बरा झाला त्याला रश्मीच्या वयाएवढी वर्षं झाली. पण निरोप सांगणारा ऐकायला थोडाच आलेला असतो. स्थळ गेलं. रश्मी त्या दिवशी जेवली नाही.

त्यामुळे माझ्या त्या तपासणीच्या सुमारास मुलुंडचं स्थळ आलं तेव्हा घरात सगळे दबकून होते. ते यायचे त्या दिवशी मला बेबीने खुर्चीतून उठू दिलं नाही. पोहे तिने केले, तिनेच दिले. मी राणीसारखी बसून होते. मुलाची आई मुलुंडच्याच एका शाळेत शिकवायची, स्वच्छ बोलणारी बाई. मला आवडली. पसंती झाली. साखरपुडा ठरला.

माझी तब्येत मात्र उतरत होती. सकाळी उठलं की डोकं दगडासारखं जड. पावलांना सूज, चपलेचा पट्टा रुतायचा. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबावं लागायचं. मी ह्यांना म्हणायचे, "डॉक्टरकडे जाऊ या का?" हे म्हणायचे, "मी जाऊन औषध घेऊन येतो, तू कशाला दगदग करतेस." किती काळजी करतात ना माझे मिस्टर, असं मी शेजारणीला सांगितलंसुद्धा.

साखरपुड्याच्या सकाळी रश्मी नेलपॉलिशची बाटली घेऊन माझ्यापुढे बसली. गडद मरून रंग.

"हात दे आई."

"मला? मी कधी लावलीय का? या वयात लोक हसतील."

"फोटोत छान दिसतं. दे ना."

माझा एकेक हात मांडीवर घेऊन तिने एकेक नख रंगवलं. फुंकर घालून वाळवलं. लहानपणी मी तिच्या हाताला मेंदी लावायचे, तेव्हा ती अशीच फुंकर घालायची. पुढेही दर आठवड्याला ती आठवणीने रंग पुन्हा लावायची, टवका उडाला की लगेच. मी सगळ्यांना हात दाखवत सुटले होते, बघा, माझ्या लेकीने माझे कसे लाड केलेत.

चेंबूरचं स्टूल

साखरपुडा झाल्यावर लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही चेंबूरला गेलो. आम्हा बौद्धांत नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते, तर चांगली पांढरी साडी शोधता शोधता माझा जीव मेटाकुटीला आला. दुकानातून बेबीचं घर जवळ. तिने मला खिडकीपाशी बसवलं. पंखा फुल. मी तोंड उघडं टाकून श्वास घेत होते, घामाने ब्लाउज भिजला होता.

बेबीने चहा आणला. खिडकीखाली एक नवीन स्टूल होतं, बुटकं, चौकोनी, वर पांढरं क्रोशाचं कव्हर जमिनीपर्यंत घातलेलं. मी कप त्याच्यावर ठेवला.

"ताई, तिथे नको!" बेबी एकदम ओरडली.

मी दचकले. "अगं, काय झालं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काही नाही. पांढरं कव्हर आहे ना. असू दे. ठेव."

"डाग नाही पडू देत तुझ्या कव्हरला," मी म्हटलं. "एवढी कसली महाराणी झालीस." आणि कप तिथेच ठेवला. रश्मी बाजूला बसून साडीचा काठ बघत होती. बेबी आत निघून गेली. माझा दम बसायला चहा संपून दुसरा व्हावा लागला, इतका वेळ मी तिथे त्या स्टुलाला गुडघा टेकवून बसले होते.

"कुठलं मशीन?"

शेवटी एका सकाळी माझ्या पायांची सूज पोटरीपर्यंत चढली आणि मी हट्टाला पेटले. हे म्हणाले, मी जाऊन औषध आणतो. मी म्हटलं, "सूज माझ्या पायाला आहे, तुमच्या नाही. मी येणार." बेबीला त्या दिवशी जमण्यासारखं नव्हतं. हे वाटेत दोनदा म्हणाले, उद्या जाऊ, बेबीला घेऊन जाऊ. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बघा, विश्वास म्हणजे काय असतो.

नर्सने बोटाला चिमटा लावला. आकडा येईना. दुसरं बोट, तिसरं. "नेलपॉलिश लावलीय? काढावी लागेल, त्याच्याने आकडा नीट येत नाही." तिने कापसाने घासून घासून चार नखं साफ केली आणि हातातला कापूस तसाच धरून थांबली. मीही बघितलं. माझी नखं निळी-जांभळी होती, पिकलेल्या जांभळाने बरबटल्यासारखी.

डॉक्टरबाईंनी आकडा बघितला, पाय दाबून बघितले. मग मला म्हणाल्या, "मशीन किती तास लावता?"

"कुठलं मशीन?"

त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. "ऑक्सिजनचं मशीन. घरी घ्यायला सांगितलं होतं ना? रोजचे पंधरा-सोळा तास तरी लावा म्हटलं होतं, झोपेतसुद्धा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते.

"घेतलंय मॅडम," हे म्हणाले. "मशीन घेतलंय. लगेचच घेतलं होतं."

"मग?"

"ते... चेंबूरला आहे. मेव्हणीकडे."

डॉक्टरबाई तशा शांत बाई. पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "मशीन चेंबूरला आणि पेशंट घाटकोपरला? गेले चार महिने?" मग त्यांनी मला, फक्त मला, समजावून सांगितलं. म्हणाल्या, दम लागतो म्हणून कुणी ऑक्सिजन देत नाही. काहींना खूप दम लागतो पण रक्तात ऑक्सिजन पुरेसा असतो, त्यांना मशीनचा उपयोग नाही. तुमचं तसं नाही. तुम्ही नुसत्या बसलेल्या असतानाही तुमच्या रक्तात तो कमी आहे, दोनदा तपासून खात्री केलीय. ती कसर तुमचं हृदय भरून काढतंय, म्हणून पायाला सूज. मशीन त्या हृदयासाठी आहे. हे व्यसन नाही की सवय लागेल. आणि मनाने कमी-जास्तही करायचं नाही, मी लिहून दिलंय तेवढंच.

मी म्हटलं, "मॅडम, हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. तुम्हाला दम लागला होता, मला वाटलं घरचे सांगतील." ही एकच बाई, जिने न मागता माफी मागितली. म्हणून तिच्यावर माझा राग नाही.

कव्हर काढलं

हॉस्पिटलमधून रिक्षा सरळ चेंबूरला घेतली. हे म्हणत होते, आधी घरी जाऊ, जेवून घे. मला बोलायला श्वास नव्हता, आणि जो होता तो मी बेबीसाठी राखून ठेवला होता.

बेबीने दार उघडलं, आधी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, आणि तिला कळलं.

"कुठे आहे?"

तिची नजर खिडकीकडे गेली. मला अजून खरं वाटेना. मी जाऊन त्या क्रोशाच्या कव्हरचं टोक धरून ओढलं. आत पांढरं मशीन, चाकं असलेलं, वर बटणं, बाजूला नळीची पिशवी न फोडलेली. कव्हरवर वरच्या बाजूला गोल पुसट डाग होता. माझ्या चहाचा.

माझा जीव माझ्या गुडघ्याला लागून होता आणि मी त्याच्यावर कप ठेवून चहा प्यायले. बेबी मला दम खाताना बघत उभी होती. एक बटण दाबायचं होतं, बस.

"ताई, रश्मीसाठी केलं गं," बेबी रडायला लागली. "मुलुंडची माणसं घरी येणार होती. नळी बघितली असती तर पुन्हा तेच. म्हटलं साखरपुडा होऊ दे, मग आणू. मग म्हटलं लग्न होऊ दे. दाजी पण हो म्हणाले."

"आणि मध्ये मी मेले असते तर? माझ्या मयतीला हे कव्हर घातलं असतंस का?"

"असं बोलू नको ना ताई!"

"का नको? तुझ्या वेण्या घातल्या या हातांनी. हे बघ." मी निळी नखं तिच्यासमोर धरली. ती बघेना.

मग मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "रश्मीला माहीत होतं?"

"नाही," बेबी म्हणाली. "नाही," हे म्हणाले. दोघं एकाच वेळी. फार पटकन.

मी पुढे काही विचारलं नाही. नवऱ्याचं, बहिणीचं एक वेळ सोसेन, आदळआपट करेन, बोलेन. पण ती मरून रंगाची बाटली आठवली. हे एक उत्तर खरं कळलं, तर त्या मुलीच्या लग्नात मी कुठल्या तोंडाने उभी राहणार होते? म्हणून न विचारता घरी आले. मशीन घेऊन.

श्वास आणि भांडण

मशीन लावलं आणि पहिल्याच सकाळी उठले तर डोकं हलकं. मी कितीतरी महिन्यांनी नुसती झोपले होते, बुडत नव्हते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ह्यांना काहीतरी सुनावताना माझ्या लक्षात आलं की मी अख्खं वाक्य एका दमात बोलले. ह्यांच्याही लक्षात आलं. म्हणाले, "चला, आता तू भांडायला मोकळी." मी हसले नाही, पण हसायला येत होतं.

गंमत बघा, जितकं बरं वाटायचं तितका राग वाढायचा. भाताची चव कळली की वाटायचं, ही चव बेबीच्या खिडकीत होती. पावलं उतरली, चप्पल नीट बसली, की वाटायचं, ही चप्पल साखरपुड्यालाही बसली असती. आजाराने जे नेलं त्याचं काय, त्याला आई ना बाप. पण हे माझ्या माणसांनी नेलं होतं, तेही क्रोशाच्या कव्हरखाली.

गॅसपाशी जायचं नाही असं बजावलं होतं, ऑक्सिजनजवळ आग नको. त्यामुळे स्वयंपाक ह्यांच्या गळ्यात पडला. ह्यांची डाळ म्हणजे एकीकडे पाणी, एकीकडे डाळ, दोघांची ओळखच नाही. लांब नळी घरभर फिरायची आणि हे हटकून तिच्यावर पाय द्यायचे. मी ओरडायचे, "पाय! नवरा आहात की यमदूत?" हे एवढे उडी मारून बाजूला व्हायचे की मला दया यायची.

एकदा जेवताना हे आपणहून बोलले. माझे थोरले दीर साथीच्या त्या वर्षी हॉस्पिटलात गेले, त्यांना ऑक्सिजन लावला आणि ते परत आलेच नाहीत. काचेतून ह्यांनी भावाला शेवटचं बघितलं ते तसंच, तोंडावर मास्क. "डॉक्टर ऑक्सिजन म्हणाल्या आणि मला दादाच दिसला," हे म्हणाले. "लोक सांगतात, एकदा लावला की माणूस संपला. म्हटलं जेवढा उशिरा लागेल तेवढं बरं. मशीन घरात मला बघवलं नसतं सुनंदा."

मी म्हटलं, "आणि मी? मी बघवत होते?"

ह्यांनी ताट बाजूला सारलं. मला ह्यांचं दुःख कळलं. पण कळणं वेगळं आणि माफ करणं वेगळं, हे ज्याने त्याने लक्षात ठेवावं.

विहीणबाई

आता लपवाछपवी माझ्याच्याने होणार नव्हती. मी कुणाला न विचारता मुलुंडला फोन लावला. "जयभीम विहीणबाई," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. टीबी होता, बरा झाला, तो कुणाला लागणार नाही, पण फुप्फुसं गेली आहेत, नाकाला नळी आहे, लग्नातही असेल. काय ठरवायचं ते ठरवा.

त्या म्हणाल्या, "आजाराचं काय हो, कुणालाही होतो. पण तुम्ही आमच्यापासून लपवलंत, याचं वाईट वाटलं."

"विहीणबाई, माझ्यापासूनही लपवलं होतं."

"म्हणजे?"

मी स्टुलाची गोष्ट सांगितली. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सुनंदाताई, मग आपण दोघी एकाच पार्टीत." आणि हसल्या. मग मीही हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. ज्या बाईला घाबरून माझा श्वास चेंबूरला झाकून ठेवला, त्या बाईने अर्ध्या तासात विषय संपवला. कुणी तिला विचारायचे कष्टच घेतले नव्हते.

दोन मिनिटं

लग्न मुलुंडच्या हॉलमध्ये. मशीन घरी ठेवलं, बरोबर लहान सिलेंडर घेतला, चाकांच्या गाडीवर. तो हे ओढत होते. मी पांढरी साडी नेसले, नाकाला नळी, नखं कोरी. आता त्यांना जरा माणसांचा रंग आला होता. पाहुणे बघत होते, मग माझ्याशी डोळे मिळाले की साडीची तारीफ करत होते. बघू देत. मी पहिल्या रांगेत बसले.

आमच्याकडे लग्न लागायच्या आधी दोन्हीकडचे आईवडील बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावतात, अगरबत्ती लावतात, मग वंदना. लग्न लावणाऱ्यांनी माइकवर पुकारलं, वधूच्या आईने पुढे यावं. मी जागची हलले नाही.

बेबी वाकून माझ्या कानाशी आली. "ताई, दोन मिनिटं काढ ना नळी. तेवढी मेणबत्ती लाव. फोटो पण नीट येतील."

मी तिच्याकडे बघितलं. "दोन मिनिटं? बेबी, चार महिने काढलेत तुम्ही माझे. आता दोन मिनिटंही मिळणार नाहीत."

हळू बोलले, पण पहिल्या रांगेला ऐकू गेलं. ह्यांनी सिलेंडरच्या गाडीचा दांडा घट्ट धरला, जणू कुणी हिसकावून नेणार होतं.

"तू लाव," मी बेबीला म्हटलं. "मला ज्योत जवळ चालत नाही. जा, लोक थांबलेत."

मेणबत्ती बेबीने लावली. पहिली काडी विझली, दुसरी ओढावी लागली. मी जागेवरून हात जोडले, सगळ्यांबरोबर त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं, एका दमात एकेक ओळ. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणताना मी मुद्दाम कुणाकडे बघितलं नाही.

रश्मी स्टेजवर फार सुंदर दिसत होती. हे लिहायला हवं. राग आपल्या जागी.

निघायच्या वेळी ती माझ्या गळ्यात पडली. नळी सांभाळून, एका बाजूने. मला वाटलं आता रडेल आणि जाईल, आणि मी न विचारलेलं न विचारताच राहील. मला तसंच हवं होतं. पण तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, माझ्या नखांवरून अंगठा फिरवला आणि कानात म्हणाली, "आई, मला माहीत होतं."

"ते मलाही कळलं होतं," मी म्हटलं.

"निळी दिसायची गं. दर वेळी जास्त निळी. मला बघवत नव्हती."

"तुला बघवत नव्हती, तर मला दाखवायचीस ना रश्मी."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत राहिली, माझी साडी ओली झाली, विहीणबाईंनी हळूच तिला सोडवून गाडीत बसवलं. बेबी रडत होती, हे रडत होते, शेजारणीसुद्धा डोळे पुसत होत्या. मी रडले नाही. रडलं की मला दम लागतो, आणि सिलेंडरमध्ये घरी पोचण्यापुरताच ऑक्सिजन उरला होता.